साडेबाराशे रुपयांचा फरक

शेजारच्या काकीला उत्पन्नाचा दाखला हवा होता, म्हणून तिच्याबरोबर कुडाळला गेले होते. कागदपत्रांचं काम निघालं की वाडीतली माणसं मला हाक मारतात. मी गावात राहून ठाण्यातल्या एका कंपनीचे हिशेब ठेवते, तेव्हा मला जगातले सगळे अर्ज भरता येत असणार असा इथं समज आहे. काकीचं रेशनकार्ड केशरी, पण नाव प्राधान्य यादीत नाही, त्यामुळे २०२३ च्या जानेवारीपासून बाकीच्यांना माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं ते तिला मिळत नाही. खिडकीतल्या मुलीने नीट समजावून सांगितलं : गावात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ४४ हजारांच्या आत पाहिजे. शहरात असता तर ५९ हजारांपर्यंत चाललं असतं. त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं, नियमच तसा आहे. काकीने कागद परत प्लास्टिकच्या पिशवीत सरकवले, पिशवीला रबर लावला आणि पायरीवर चपला शोधता शोधता म्हणाली, "शहरात एकूणसाठ आणि आमका चव्वेचाळीस? आमची पोटां काय ल्हान आसत?" मागे रांगेत उभे असलेले दोघं-तिघं हसले. मीही हसले.

एसटीत बसल्यावर मात्र माझं डोकं त्या दोन आकड्यांतच अडकलं. ५९ मधून ४४ गेले, राहिले १५ हजार. भागिले बारा. महिन्याला साडेबाराशे रुपये. म्हणजे सरकारच्या मते तेच कुटुंब, तीच गरिबी, पण गावात राहिल्याने त्याचे महिन्याला साडेबाराशे वाचतात. हिशेबवाल्या माणसाला दोन खात्यांत फरक दिसला की तो कुठून आला हे सापडेपर्यंत जेवण गोड लागत नाही. माणगाव खोऱ्यात शिरताना गाडी रिकामी होत गेली, काकी खिडकीला डोकं टेकवून झोपली, आणि मी मनातल्या मनात तिच्या घरात ते साडेबाराशे शोधत बसले.

तसं पाहिलं तर दोन्ही आकडे हास्यास्पद आहेत. ४४ हजार म्हणजे सगळ्या घराला मिळून दिवसाचे एकशेवीस रुपये. रोजगार हमीचा राज्यातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. एका माणसाचे दीडशे दिवस भरायच्या आतच घर त्या रेषेच्या वर जातं. काकीचा मुलगा गोव्यात एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे, चौथ्या पगारालाच तो ४४ हजार ओलांडतो आणि पाचव्याला शहराचा आकडाही. त्यामुळे काकीचं नाव यादीत बसलं नाही हे नियमाला धरूनच झालं. मला खुपत होता तो मधला फरक. कारण ही समजूत फक्त रेशनच्या फायलीत नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ ची दारिद्र्यरेषा काढली तेव्हा खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १००० धरले होते. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांचीही हीच समजूत आहे. "तुला काय, गावात महिना निघत असेल पाच-सात हजारांत," हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं "हो ना" म्हणते.

आकडे त्यांच्याच बाजूचे दिसतात, हेही खरं. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत खेड्यातला सरासरी खर्च माणशी महिना ४,१२२ रुपये आणि शहरातला ६,९९६ रुपये आला. पण माणूस कमी खर्च करतो याचा अर्थ त्याला वस्तू स्वस्त मिळते असा कसा काढायचा? काकीचा दातांचा खर्च शून्य आहे. कारण दुखणारी दाढ तिने लवंग दाबून दोन पावसाळे काढली आणि मग ती आपणहून पडली.

स्वतःचं घर, हा पहिला मुद्दा. भाडं नाही. शहरातल्या माणसाला इथंच हेवा वाटतो आणि तो खोटा नाही; ठाण्यात पगाराचा पहिला घास भाडं किंवा हप्ता खातो हे मी भोगलंय. पण काकीचं घर मातीच्या भिंतींचं आणि कौलारू आहे. दर मे महिन्यात कौलं परतून घ्यावी लागतात. फुटकी बदलायची, वाळवीने खाल्लेल्या रिपा काढायच्या, माकडांनी जिथं उड्या मारल्या तिथं सगळं नव्याने बसवायचं. या कामाला माणूस मिळणं हीच मोठी गोष्ट, मिळाला तर त्याची हजेरी सातशे, वर सकाळचा चहा-नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा. गावात तरुण हात उरलेच नाहीत, तेव्हा जे आहेत त्यांनी का कमी घ्यावं? माडांचंही तेच. आमच्या परसात माड आहेत, म्हणून नारळ फुकट अशी शहरातल्यांची कल्पना. पाडेली एका झाडावर चढायचे जे पैसे घेतो, त्यात माकडांनी पोखरून टाकलेल्या शहाळ्यांचा हिशेब धरला, की उरलेला नारळ बाजारभावाने घरात येतो. तोही पाडेली आला तर. "नारळ काढूक कोण गावणा नाय" हे इथलं रोजचं वाक्य आहे. मध्यंतरी काही वर्षं खोऱ्यात हत्तींचा उपद्रव होता, तेव्हाच्या गोष्टी सासूबाई सांगतात. माडच्या माड आडवे, आतला गाभा खाल्लेला. त्यापुढे माकडं बरी, असंही मग त्याच म्हणतात.

आणि ज्याला स्वतःचं घर नाही त्याने काय करायचं? आमच्या शाळेत नवीन शिक्षिका आली, मूळची नांदेडकडची. तिला मुख्यालयी राहायचं होतं, घरभाडं भत्त्यासाठी तसा नियमच आहे. वाडीत अर्ध्याहून अधिक घरांना कुलपं. पण एकही खोली भाड्याने मिळेना. एकेका घराच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. एक भाऊ परळला, एक नालासोपाऱ्याला, चुलत्यांची मुलं कुठं कुठं, दोघं वारलेले पण नावं तशीच. किल्ली कुणाकडे आहे हे माहीत असतं, पण परवानगी कोण देणार? गणपतीत सगळे येतात तेव्हा विचारू, असं ठरतं आणि गणपतीत सगळे भांडतात. शेवटी ती बाई कुडाळला खोली घेऊन राहिली आणि रोज स्कूटीने ये-जा करू लागली. चहूबाजूंनी रिकामी घरं असलेल्या गावात एका माणसाला डोक्यावर छप्पर मिळालं नाही.

मग तो साडेबाराशेचा फायदा खाण्यापिण्यात असेल, म्हणून मी घरच्या बेगमीकडे वळले. इथं मात्र मला तो दिसला. मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. खळ्यात एका बाजूला कोकमाच्या साली, एका बाजूला मिरच्या, मधे जुन्या साडीवर आंब्याची साठं, आणि सगळ्यावर माश्या. सोलं करायची म्हणजे कोकमं फोडून गर काढायचा, मिठाच्या आगळात साली बुडवायच्या, वाळवायच्या, संध्याकाळी परत बुडवायच्या, असं पुटावर पूट. हात आठवडाभर जांभळे राहतात. पडवीत लाकडं रचून होतात, त्यांच्या आडून विंचू निघतो तो मारायचा. सुके बांगडे, गोलमो, कुळीथ, कांद्याच्या माळा. जुलैत मासेमारी बंद असते, भाजीची गाडी येत नाही, तेव्हा या सगळ्यावर घर चालतं आणि बाजाराला खरोखरच हात लागत नाही. हे स्वस्तच आहे. फक्त ते करणारी माझी सासू अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या कामाचा पगार कुठल्याच खात्यात पडत नाही. तिची हजेरी धरली, नुसती गड्याच्या निम्मी धरली तरी, आमच्या घरचं कोकम मॉलमधल्या काचेच्या बरणीतल्या कोकमापेक्षा महाग निघेल. मी हे एकदा त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी सोल उलटत उलटत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मगे काय बसान रवू?"

भाताचं तर बोलूच नये. पॉवर टिलरचं तासाचं भाडं, बियाणं, खत, लावणीच्या बायकांची हजेरी, कापणीच्या वेळी नेमका येणारा पाऊस, रानडुकरं. एवढं करून साध्या भाताचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. आमच्या खालच्या मळ्यातले निम्मे कोपरे आता पड आहेत, गवत कमरेएवढं वाढतं. तरी दरवर्षी एक तुकडा तरी लावतोच, कारण पेजेला उकडा तांदूळ लागतो आणि रेशनवर मिळतो तो पांढरा. ज्यांना फुकट धान्य मिळतं तेही उकडा वेगळा विकत घेतातच. मी पहिल्या वर्षी शेतीचा खर्च वहीत मांडायला लागले तेव्हा शेजारचे आबा हसून म्हणाले :

"घरच्या तांदळाचो हिशेब करूचो नसता."

बरं, ज्या वस्तू पैशानेच येतात त्यांना गावचा दर कुठं असतो? मोबाइलचा रिचार्ज ठाण्यात तेवढ्याचाच इथं. तिथं रेंज येते आणि इथं मी महत्त्वाच्या मीटिंगला देवळाच्या घाटीवर जाऊन बसते, एवढाच फरक. औषधाच्या पाकिटावर छापलेली किंमत सगळीकडे एक. विजेचा घरगुती दर महावितरणच्या गावातल्या आणि शहरातल्या ग्राहकाला सारखाच. पावसाळ्यात ती आठवडाभर आलीच नाही, तर इन्व्हर्टर हा ज्याचा त्याचा प्रश्न. उलट काही गोष्टी इथं येता येताच महाग होतात. वाडीतल्या दुकानात तेल, शॅम्पू, चहापत्ती सगळं पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत. पुड्यांची बेरीज करून किलोचा भाव काढला तर मोठ्या दुकानातला माणूसही लाजेल, पण किलो घ्यायला एकदम पैसे लागतात आणि आणायला कुडाळला जावं लागतं. एसटीचं भाडं २०२५ च्या जानेवारीत जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं. बायकांना तिकीट अर्धं आहे म्हणून आम्ही जाऊन तरी येतो. ती सवलत आल्यापासून काकी बाजाराला जास्त जाते, माहेरीही जाते. पण शेवटची गाडी चुकली की स्पेशल रिक्षा. मिक्सरचं भांडं घट्ट करणारं एक रबर मला मागे त्या रिक्षेसकट साडेचारशेला पडलं.

या यादीत सगळ्यात वर काय लिहायचं हे इथल्या प्रत्येक माणसाला न विचारता माहीत आहे. बांबोळी. आमच्याकडे "बांबोळीक नेल्यानी" म्हटलं की ऐकणारा पुढं काही विचारत नाही, फक्त "अरे देवा" म्हणतो. जिल्हा आमचा सिंधुदुर्ग, राज्य महाराष्ट्र, पण डोक्याला मार लागला, हृदय बिघडलं, बाळंतीण अडली, की पिढ्यानपिढ्या गाडी दक्षिणेला वळते ती गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजकडे. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं होतं. त्यांचं दवाखान्यावरचं ओझं खरं होतं, आमची अडचणही खरी होती. पुढे आरोग्य योजनांमधून बरंचसं सावरलं. पण उपचार अगदी फुकट झाले असं धरलं तरी गाडी, बरोबर दोन माणसं, त्यांची बुडालेली हजेरी, बाहेरचं जेवण, पायरीवर काढलेल्या रात्री, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला तेच सगळं. पावसाळ्यात आंबेरीच्या पुलावर पाणी आलं की पलीकडच्या गावांना तेवढंही नशिबात नसायचं. एका आजारपणात पाच वर्षांचे साडेबाराशे गेले असं इथं कितीतरी घरांत झालंय.

काकीचा खर्च तेवढ्यावर थांबत नाही, हेही मी धरलं नव्हतं. गणपतीत आमच्या वाडीत रोज रात्री भजन घरोघर फिरतं. पंचवीस-तीस माणसं, टाळ, पखवाज, पेटी, अंगणात चिखलाच्या चपलांचा ढीग. त्यांना काळ्या वाटाण्यांची उसळ आणि पाव द्यायचा, मग चहा. वाटाणे रात्री भिजत घालायचे, खोबरं भाजून वाटायचं, आणि उसळ कमी पडली तर वर्षभर बोलणं. त्याशिवाय जत्रेची वर्गणी, दशावताराचे पैसे, देवाची पाळी, कुणाच्या लग्नाचा आहेर, बाराव्याचा शिधा. शहरात सोसायटीचा मेंटेनन्स भरला की दार बंद करता येतं. इथं दार बंद केलेलं चालत नाही. पहिली दोन वर्षं मला हा सगळा खर्च डोळ्यांत खुपायचा, काकीसारख्या बाईने कर्ज काढून उसळ का घालावी म्हणून मी चिडायचे. मग एका जूनमध्ये मध्यरात्री परसातला फणस आमच्या पडवीवर कोसळला. सासूबाई आत झोपलेल्या. नवरा मुंबईला. मी हाकही मारली नव्हती, आवाजानेच भजनातली ती पोरं कोयते, बॅटऱ्या घेऊन आली, पावसात उभं राहून फांद्या तोडल्या, कौलांवर ताडपत्री ओढली, आणि पहाटे कोरा चहा पिऊन गेली. पैशाचं नाव काढल्यावर त्यातला एक चक्क रागावला. ही रक्कम मी कुठल्या बाजूला लिहू, जमा की खर्च? आणि ज्यांच्या घरी कुणी वाद घालून बसलंय, ज्यांना देवाची पाळी मिळत नाही, जे त्या नांदेडच्या बाईंसारखे बाहेरचे आहेत, त्यांच्या पडवीवर फणस पडला तर किती जण येतील, हेही मला माहीत आहे.

राहता राहिले मी. माझा पगार ठाण्याचा आहे. कळव्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय, त्याचं भाडं काकीच्या मुलाच्या पगाराएवढं येतं. एवढं सगळं लिहूनही मला स्वतःला इथं स्वस्त पडतं, ऑफिसातले म्हणतात तसंच. मासेवाला टेम्पो पहिला आमच्या खळ्याशी थांबतो, कारण मी भाव करत नाही. आणि तिथं ठरलेला भाव पुढं वाडीभर फिरतो. गड्याने सहाशेवरून सातशे केले तेव्हा मी ते मुकाट दिले. पलीकडे रस्त्याकडेला पुण्याच्या एका गृहस्थांचं फार्महाऊस झालं, त्यांनी आठशे दिले. काकीच्या घराची कौलं त्या वर्षी परतायची राहून गेली. तिने मला कधी दोष दिला नाही. एकदा फक्त दारात बांगडे निवडताना हातातला बांगडा परत टोपलीत टाकत म्हणाली, "तुका काय गो, तुझो पगार मुंबयचो," आणि पेडव्यांचा वाटा घेऊन गेली. पेडवे चवीला बांगड्याहून चांगले, असंही जाता जाता म्हणाली. ते खरं आहे, पण त्यासाठी तिने ते घेतले नव्हते.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एकाचा फोन आला. ठाण्याला कंटाळलाय, बायको-मुलांना घेऊन कोकणात कायमचं यायचं म्हणतो, सासरकडून वेंगुर्ल्याजवळ थोडी जागा आहे. महिन्याला किती लागतील ते नीट विचार करून सांग, म्हणाला, तू हिशेबाची माणूस आहेस. मी विचारलं, पगार तिकडचाच राहणार का? तो म्हणाला, एखादं वर्ष राहील, पुढं इकडेच काहीतरी सुरू करू. मग मुलांच्या शाळेचं विचारलं. दहावीला कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो ना, असं त्याने मलाच ऐकवलं. येतो, म्हटलं, आणि त्यानंतर ती पोरं पुण्यात कॉट बेसिसवर राहतात, ते भाडं इथूनच जातं. तो जरा गप्प झाला. आकडा मी सांगितला नाही. म्हटलं, आधी जून ते सप्टेंबर येऊन राहा, चौघंही, आणि गाडी तिकडेच ठेवून या.

"पावसात नको गं," तो म्हणाला, "गणपतीत चार दिवस येऊन बघून जातो."